आजचा दिनविशेष

आमच्या घरातलं कॅलेंडर आता दुधाचा हिशेब लिहिण्यापुरतंच उरलं आहे. तारीख सांगायला मागची भिंत समर्थ आहे. भिंतीपलीकडे जिल्हा परिषदेची प्रशाला आहे, पाचवी ते दहावी, आणि प्रशालेच्या छतावर जो कर्णा बसवलाय त्याचं तोंड नेमकं आमच्या स्वयंपाकघराकडे आहे. बसवणाऱ्याचं म्हणणं असं, की मी कर्णा गावाकडे तोंड करून बसवला. मधे तुमचं घर आलं त्याला मी काय करू? तेव्हापासून आमच्या भाजीला फोडणी पडते ती 'आजचा दिनविशेष' ऐकत.

परिपाठात काय काय असतं हे ज्यांना शाळा सोडून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी सांगतो. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, सामान्य ज्ञानाचे प्रश्न आणि शेवटी पसायदान. एवढा सगळा ऐवज पहिल्या तासाच्या आत बसवायचा म्हटल्यावर लेकरांच्या जिभेला वेग येणारच. 'भारत माझा देश आहे'पासून थेट 'सौख्य सामावले आहे'पर्यंत सगळी प्रतिज्ञा एका श्वासात पार पडते. ही प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली. गृहस्थ मूळचे नळगोंडा जिल्ह्यातले, म्हणजे आमच्या मराठवाड्यासारखेच निजामाच्या राज्यातले, आणि नोकरीला होते कोषागारात. ही माहिती मी प्रशालेतल्या एका सरांना मोठ्या कौतुकाने सांगितली. पगारबिलांच्या नादाने ट्रेझरीच्या पायऱ्या झिजवलेला माणूस तो. म्हणाला, "ट्रेझरीतून वेळेवर निघालेली एवढी एकच गोष्ट असंल बघा."

बातम्या वाचायची पाळी वर्गावर्गाने येते. वाचणारा पेपरातून चार ओळी उतरवून आणतो आणि चारही एकाच सुरात म्हणतो. तालुक्यात गारपीट, हरभऱ्याचे अतोनात नुकसान, बिबट्या जेरबंद, सोने पुन्हा महागले, बातम्या संपल्या, धन्यवाद. हरभरा गेल्याचं दुःख नाही की बिबट्या सापडल्याचा आनंद नाही. आकाशवाणीच्या जुन्या निवेदकांनासुद्धा इतकं तटस्थ राहणं जमलं नसतं. एकदा मात्र सहावीतल्या एका मुलीने शेवटी स्वतःची बातमी घातली, "मागच्या नळाला पाणी आले आहे." त्या दिवशी पसायदान झालंच नाही. ओळी मोडून अख्खी शाळा बाटल्या घेऊन नळाकडे धावली. आमच्या प्रशालेच्या इतिहासात श्रोत्यांनी कान देऊन ऐकलेली ही एकमेव बातमी.

आता दिनविशेषाचं. सरकारी शाळेत साधा दिवस असा नसतोच. जूनमध्ये प्रवेशोत्सव, म्हणजे पाचवीत आलेल्या लेकरांच्या हातात गुलाबाचं फूल आणि पाठ्यपुस्तकं, बैलगाडी मिळाली तर बैलगाडीतून मिरवणूक. तिथून जी सुरुवात होते ती उन्हाळी सुट्टीपर्यंत थांबत नाही. योग दिन, शाहू महाराजांची जयंती, गुरुपौर्णिमा, क्रीडा दिन, शिक्षक दिन, हिंदी दिन, संविधान दिन, गणित दिन, बालिका दिन, विज्ञान दिन, मराठी भाषा गौरव दिन. मुख्याध्यापकांच्या केबिनमागच्या लोखंडी कपाटात सगळ्या थोर पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या तसबिरी उभ्या रचून ठेवलेल्या असतात. ज्यांचा दिवस असेल त्यांना बाहेर काढायचं, फडक्याने पुसायचं, टेबलावर ठेवायचं, हार घालायचा, उदबत्ती लावायची, दोन मुलांची भाषणं, सरांचं मार्गदर्शन, पुन्हा कपाटात. हे काम ज्या शिपायाकडे आहे त्याला इतिहासाच्या सरांपेक्षा जास्त तारखा पाठ आहेत. सालं विचारली तर तो अडखळतो, पण कोणाच्या पाठीमागे कोण उभं आहे हे त्याला अंधारातही सांगता येतं.

काही तारखांना दोन-दोन जण येतात. १ ऑगस्टला टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठ्यांची जयंती. गंमत म्हणजे दोन्हींचं सालही एकच, १९२०. १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद. अशा दिवशी टेबल एक, हार दोन, आणि भाषणाला उठलेलं लेकरू एकाच वहीतून आधी एकाचं वाचून, पान उलटून दुसऱ्याचं वाचतं. दोन पानं एकदम उलटली गेली तर टिळक वाटेगावात जन्मतात. टाळ्या तेवढ्याच पडतात.

पण खरी कसोटी १५ ऑक्टोबरची. त्या दिवशी डॉ. कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन असतो आणि जागतिक हात धुवा दिनही त्याच तारखेला येतो. दोन्हींचे फोटो पाठवायचे असतात. एकदा मी गच्चीवर कपडे वाळत घालताना हा सोहळा वरून पाहिला. झाडाखाली पोरं पुस्तकं उघडून बसली होती. फोटो निघाला. "पुस्तकं खाली, हात वर!" असा हुकूम झाला. आता हात धुवायचे. पण लाइट नव्हती, म्हणून मोटार नव्हती, म्हणून टाकीत पाणी नव्हतं. विज्ञानाच्या मॅडम डगमगल्या नाहीत. त्यांनी कोरडंच प्रात्यक्षिक घेतलं. तळवा, पालथी बाजू, बोटांच्या फटी, अंगठा, नखं, मनगट. शे-दीडशे पोरं रणरणत्या ऑक्टोबरात न दिसणारा साबण न दिसणाऱ्या पाण्याने धूत होती आणि शेवटी सगळ्यांनी हात झटकले. पुढच्या रांगेतल्या एकाने तर मागच्याच्या तोंडावर न दिसणारं पाणी उडवलं, आणि मागच्याने खरोखर तोंड पुसलं. राज्य नाट्य स्पर्धेत ज्याला मूकाभिनय म्हणतात तो मी याहून चांगला पाहिलेला नाही.

फोटोचं महत्त्व बाहेरच्या माणसाला कळणार नाही. कार्यक्रम झाला तर फोटो निघतो अशी आपली भाबडी समजूत असते. हल्ली फोटो निघाला म्हणजे कार्यक्रम झाला. फोटोवर तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश उमटलेले हवेत. तो गटावर टाकायचा, गटावरून केंद्रप्रमुख तालुक्याला, तालुका जिल्ह्याला, आणि जिल्ह्याच्या पुढे तो कुठे जातो हे फक्त पांडुरंगाला ठाऊक. शिवाय पोर्टलं. यू-डायस, सरल, आधार जुळवणी. आधारावर 'ज्ञानेश्वर', दाखल्यावर 'ज्ञानेश्वरराव', आणि घरून विचारलं तर 'माउली' असं एक लेकरू तीन नावांनी सरांच्या मोबाइलात रुतून बसलेलं असतं. सर वर्गात हजर असतात, फळ्यावर समीकरण अर्धं सोडवलेलं असतं, आणि उरलेलं अर्धं ओटीपी येईपर्यंत थांबलेलं असतं.

त्या मधल्या वेळात राज्य मॉनिटरचं. फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून 'बोलणाऱ्यांची नावे' लिहायची ही प्रथा माझ्या बापाच्या काळापासून आहे तशी चालू आहे. एकदा बोलला तर नाव, दुसऱ्यांदा बोलला तर नावापुढे फुली. चार बोरं दिली तर फुली पुसली जाते, मूठभर चिंचा दिल्या तर नावच पुसतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात प्रशासनावर जे काही छापलंय त्याचं प्रात्यक्षिक इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही.

१७ सप्टेंबरचा झेंडा हा आमचा खास मान. उरलेल्या महाराष्ट्रातली लेकरं वर्षाला तीन ध्वजवंदनं करतात, आमची चार, कारण १९४८ साली याच दिवशी हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि मराठवाडा निजामाच्या हातून सुटला. त्या सकाळी दरसाल स्वामी रामानंद तीर्थांवर भाषण होतं आणि त्यात एक वाक्य हमखास येतं, की स्वामीजी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते. हे वाक्य आलं की आमचे मुख्याध्यापक खिन्न होतात. मी एकदा कारण विचारलं. "ते बी हेडमास्तरच होते, पण त्यांना निजामाशी लढायला वेळ मिळाला," ते म्हणाले. "पोर्टल नव्हतं ना तेव्हा."

दुपारच्या खिचडीबद्दल मात्र मला थोडं गंभीरपणे बोलायचं आहे. शालेय पोषण आहार पहिली ते आठवी. पाचवीपर्यंतच्या लेकराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या १५० ग्रॅम, वर डाळ, तेल, भाजी. म्हणजे लेकरू सहावीत गेलं की त्याची भूक ५० ग्रॅमने वाढते हे सरकारने मान्य केलं आहे. आठवी पास होऊन ते नववीत गेलं की तीच भूक शून्य ग्रॅम होते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात नववीच्या वर्गाकडे पाहवत नाही. एप्रिलपर्यंत रांगेत पुढे असलेली पोरं घरून आणलेली पोळी-चटणी उघडून खिचडीच्या दिशेने तोंड करून बसतात. बढती मिळाली आणि भत्ता गेला अशी त्यांची अवस्था. यावर त्यांनी शोधलेला तोडगा कोणत्याही परिपत्रकात नाही. नववीची पोरं 'स्वयंसेवक' होतात. रांगा लावणं, पाणी भरणं, ताटल्या वाटणं, शेवटी पातेलं खरवडायला खिचडी शिजवणाऱ्या मावशींना मदत करणं. खरवड हा आहार नाही, त्यामुळे त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. मावशी पातेल्याच्या बुडाशी जरा जास्तच ठेवतात असं माझं गच्चीवरून झालेलं मत आहे. ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आणि तपासणीला येणाऱ्यांनीही हा लेख वाचू नये.

विज्ञान प्रदर्शनात नवं काही नाही. ज्वालामुखी असतो, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालून लाल फेस काढणारा. सिरिंजांवर चालणारा जेसीबी असतो. ठिबक सिंचन असतं, सलाइनच्या नळ्यांचं. दर वर्षी हेच, आणि दर वर्षी परीक्षक त्याच उत्सुकतेने वाकून पाहतात. बघण्यासारखं असतं ते मुलांचं निवेदन. "आदरणीय परीक्षक महोदय, आमच्या प्रकल्पाचे नाव" इथून सुरू झालेली गाडी "धन्यवाद"वरच थांबते. मागे एका परीक्षकांनी जेसीबीवाल्या मुलाला मधेच विचारलं, "बाळ, यात तेलाऐवजी पाणी का घातलंस?" मुलाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि पुन्हा "आदरणीय परीक्षक महोदय"पासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने खरं उत्तर दिलं. "सर, तेल महाग झालंय." शेजारच्या टेबलावरच्या पोरीने मान डोलावली. त्यांच्या ज्वालामुखीलासुद्धा व्हिनेगर मिळालं नव्हतं, त्यांनी लिंबं पिळली होती.

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचं एक बरं आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. 'चित्रं काढून पोट भरतं का?' असं सात-आठ वर्षं विचारणाऱ्या बापांना दहावीच्या तोंडावर अचानक कळतं की इंटरमिजिएटला अ श्रेणी असली तर दहावीत ७ गुण जास्तीचे मिळतात. मग त्यांना कलेची गोडी लागते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे शब्द ट्रॅक्टरवर बसून उच्चारले जाऊ लागतात. आमच्या गावातल्या पाट्या, दुकानांची नावं, यात्रेच्या कमानी, सगळं रंगवणारा जो आहे तो याच वर्गातून गेलेला. त्याला श्रेणी कोणती होती हे आता कोणी विचारत नाही, पण 'सुस्वागतम्'मधल्या 'म'चा पाय मोडायला तो कधी विसरत नाही.

स्नेहसंमेलन, म्हणजे गॅदरिंग, डिसेंबरात असतं, पण आमच्या स्वयंपाकघरात ते नोव्हेंबरातच सुरू होतं. तालमीची गाणी ठरलेली. एक देशभक्तीपर, एक शेतकऱ्याचं, एक गोंधळ, एक लेझीम आणि एक कोळीगीत. कोळीगीताशिवाय मराठवाड्यात गॅदरिंग होत नाही. आमच्या गावापासून समुद्र जवळ नाही. नाचणाऱ्या बारा मुलींपैकी एकीनेही तो पाहिलेला नाही, मासे पाहिले आहेत तेही आठवडी बाजारातले, तळ्यातले. तरी सगळ्या इतक्या आत्मविश्वासाने वल्हं मारतात की मुंबईच्या कोळीवाड्याने येऊन नोंद घ्यावी. एका वर्षी नृत्य बसवणाऱ्या मॅडमनी सांगितलं, "लाटा आल्यासारखं करा." मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि ज्वारीच्या शेतावरून वारा गेल्यावर होतं तसं केलं. मला विचाराल तर ते जास्त चांगलं दिसलं.

पलीकडे रस्त्याला एक इंग्रजी शाळा झाली आहे. तिथलं गॅदरिंग कंत्राटावर असतं. मांडव त्यांचा, नाच शिकवणारे त्यांचे, सूत्रसंचालकसुद्धा शहरातून भाड्याने. लेकरांनी फक्त नाचायचं. आमच्या प्रशालेत सतरंज्या झटकण्यापासून खुर्च्या उचलून आणण्यापर्यंत, मुंडावळ्या-फेटे मागून आणण्यापासून पडदा ओढण्यापर्यंत सगळं पोरं करतात. पडदा दोन साड्यांचा असतो आणि तो ओढायचा मान मिळावा म्हणून भांडणं होतात. दोन्ही गच्चीवरून पाहिलेला माणूस म्हणून सांगतो, आपल्याला हे दुसरं जास्त आवडतं. पंधरा वर्षांच्या मुलीने पाहुणे आले नाहीत म्हणून पाऊण तास एकटीने माइक सांभाळून, तीन कोडी, दोन विनोद आणि एक पोवाडा ऐनवेळी उभा करून मंडप धरून ठेवलेला मी पाहिला आहे. तिला इंग्रजीत सत्तेचाळीस गुण होते. आज ती पंचायत समितीच्या सभेत उठून बोलते तेव्हा सभापती आधी पाणी पितात.

ॲम्प्लिफायर हाही एक विषय आहे. तो नेहमी नववीतल्या अशा एका मुलाच्या ताब्यात असतो ज्याला विद्युतधारेच्या धड्यावर कधीही पाचपेक्षा जास्त गुण पडलेले नसतात. त्याला ओहमचा नियम येत नाही. पण कोणती वायर पिरगाळली की कर्णा शिट्टी वाजवायचा थांबतो, माइकला कोणत्या बाजूने दोन बोटांनी टकटक करायची आणि साहेब बोलायला उभे राहिले की आवाज किती ठेवायचा हे त्याच्याइतकं जिल्ह्यात कोणालाच कळत नाही. दर दोन वर्षांनी मुलगा बदलतो, कौशल्य तेच राहतं. जाणारा येणाऱ्याला शिकवून जातो. सरांना यातलं काही ठाऊक नसतं.

आता पाहुण्यांकडे येतो, कारण हा लेख त्यांच्यासाठीच लिहिला आहे. प्रमुख पाहुणे बहुधा याच शाळेचे माजी विद्यार्थी असतात. कोणी तहसीलदार झालेलं, कोणी पुण्यात कंपनीत, कोणी नुसतंच मोठं. प्रत्येक जण भाषणात सांगतो की मी याच शाळेत शेवटच्या बाकावर बसायचो. आजवर एकही पाहुणा पहिल्या बाकावरचा निघालेला नाही. वर्गात एवढे शेवटचे बाक कसे मावायचे हे कोडं मला सुटलेलं नाही. मग 'मी तुमचा जास्त वेळ घेणार नाही' हे वाक्य येतं, आणि ते आलं की पोरं मांडी बदलून घेतात.

गॅदरिंग अकराला ठरलेलं असतं. पाहुणे येतात दीडला. लेकरं तोंडाला रंग लावून, मागून आणलेल्या नऊवारीत, साडेनऊपासून बसलेली असतात. सत्कार, शाल, नारळ, प्रास्ताविक, परिचय, मनोगत, अध्यक्षीय समारोप. हे उरकून नाच सुरू होईपर्यंत चार वाजलेले असतात. लांबच्या वाड्या-तांड्यांवरून येणाऱ्या मुली मानव विकासच्या निळ्या बसने ये-जा करतात, आणि ती बस गावातून साडेपाचला निघते. दर वर्षी शेवटचे दोन-तीन नाच राहूनच जातात, कारण नाचणाऱ्या मुली पायातले चाळ न सोडताच स्टँडकडे पळत सुटलेल्या असतात. गेल्या साली राहिलेलं होतं कोळीगीत. महिनाभर आमच्या भिंतीने ते ऐकलं, व्यासपीठाने ऐकलं नाही.

तेव्हा यंदा तुम्हाला तुमच्या शाळेचं आमंत्रण आलं तर जरूर जा. सत्काराची शाल नको म्हणा, त्या पैशात शाळेला एक बरा माइक घेऊन द्या. शेवटच्या बाकाची गोष्ट सांगायचीच असेल तर पाच मिनिटांत सांगा. बोलता बोलता आपला आवाज हळूहळू बारीक होतोय असं वाटलं, तर खांबाआड बसलेल्या नववीतल्या मुलावर डोळे वटारू नका. त्याला तसं मुख्याध्यापकांनीच सांगून ठेवलेलं असतं. आणि अकराचं आमंत्रण असेल तर अकराला या. साडेपाचची बस कोणाच्याही मनोगतासाठी थांबत नाही, आणि त्या वाड्यांकडे जाणारी दुसरी बस नाही.